वेब सर्व्हिस लिहिणाऱ्या पोरांचं काम हलकं कसं करायचं?

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी. आमचं बेळगावात सॉफ्टवेअरचं छोटं काम आहे. गिऱ्हाईक बहुतेक उद्यमबागेतले फौंड्रीवाले आणि मशीन शॉपवाले. पूर्वी ऑफिसात बसून रिपोर्ट काढता आला की त्यांचं भागायचं. आता कोल्हापूर-पुण्याकडच्या कंपन्या म्हणतात, आमच्या ऑर्डरचं कास्टिंग कुठवर आलं ते थेट आमच्या ईआरपीत (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) दिसलं पाहिजे. म्हणजे वेब सर्व्हिस आली, त्यांच्या प्रोग्रामने आपल्या प्रोग्रामला इंटरनेटवरून माहिती विचारायची सोय.

पोरं इथल्याच इंजिनीअरिंग कॉलेजांतून येतात. डोकं चांगलं चालतं. पण 'या ऑर्डरचे किती नग ओतून झाले, किती रिजेक्ट गेले' एवढं सांगणारी सर्व्हिस लिहायला बसली, की मूळ हिशोब दहा-बारा ओळींत संपतो आणि बाकी वेळ भोवतीच्या पसाऱ्यात जातो. टोकन (विचारणाऱ्याची ओळख पटवणारा कोड) तपासा, आलेली माहिती तपासा, जेसनमधून (माहिती पाठवायचा मजकुराचा साचा) काढा, परत जेसनमध्ये घाला, एरर पकडा, लॉग लिहा, डॉक्युमेंट बनवा, पोस्टमनमध्ये (सर्व्हिस चाचपायचं साधन) मारून बघा. पुढच्या सर्व्हिसला पुन्हा हेच पहिल्यापासून.

माझं मत असं की प्रोग्रामरने फक्त हिशोबाचं फंक्शन लिहावं, बाकी सगळं आपोआप व्हावं. हे कुणी प्रत्यक्षात जमवलंय का? आमचं सगळं जावात आहे, काही जुन्या सर्व्हिस अजून 'सोप'वर, म्हणजे एक्सएमएलमधून निरोप पाठवायच्या जुन्या पद्धतीवर चालतात.

शहापुरी

पायथनमधलं फास्टएपीआय वापरा. फंक्शन लिहा, टाइप लिहा, माहितीची तपासणी आणि डॉक्युमेंटचं पान आयतं मिळतं. विषय संपला.

उद्यमबागकर

@शहापुरी, बघितलंय, आवडलंही. पण चालू धंद्यातला जावाचा कोड टाकून पायथनकडे जाणं आत्ता शक्य नाही.

मूळचा_टिळकवाडीचा

वाचून बरं वाटलं. मी आता बेंगळुरूत असतो, पण सुरुवात बेळगावातच केली.

तुम्ही म्हणता ते 'फंक्शन लिहा, बाकी आपोआप' हे स्वप्न जुनं आहे, आणि एकदा ते बरंचसं खरंही झालं होतं. सोप १९९८ मध्ये आकाराला आलं. नंतर सर्व्हिसचं वर्णन करायला डब्ल्यूएसडीएल आलं. सुरुवातीला ते एक्सएमएल हाताने लिहिणं म्हणजे शिक्षाच होती. मग २००६ साली जावा ईई ५ आलं आणि क्लासच्या डोक्यावर 'वेबसर्व्हिस' हे एक ॲनोटेशन (कोडवर लावायची खूण) लावलं की काम भागायला लागलं. सर्व्हर स्वतःच डब्ल्यूएसडीएल बनवायचा. ती फाइल समोरच्याला दिली की त्याच्याकडे हाक मारणारा कोडही आपोआप तयार. त्या काळात हे पाहून आम्ही हरखून गेलो होतो.

दुखणं नंतर सुरू झालं. वर्णन कोडमधून निघत असल्यामुळे आपल्या घरातला क्लास जसाच्या तसा जगापुढे जायचा. इथे एखाद्या पोरानं नीटनेटकेपणासाठी फील्डचं नाव बदललं, की तिकडे पुण्यातल्या कंपनीचा क्लायंट (हाक मारणारा प्रोग्राम) बंद. आपल्या बाजूला एकही टेस्ट फेल नाही, आणि त्यांचा फोन रात्री साडेनऊला.

म्हणून माझा प्रश्न: सोपं कुणासाठी करायचंय? लिहिणाऱ्यासाठी, की हाक मारणाऱ्यासाठी? पहिल्याचं सोपं करताना दुसऱ्याचं कठीण झालं तर ते काम शेवटी फोनवरून आपल्याच गळ्यात येतं.

जाता जाता, सोपच्या त्या लायब्ररी जावा ६ पासून सोबत यायच्या, त्या २०१८ च्या जावा ११ मधून काढून टाकल्यात. जुन्या सर्व्हिस वर न्यायच्या असतील तर त्या वेगळ्या जोडून घ्याव्या लागतील.

मलप्रभा

टिळकवाडीकरांना पूर्ण अनुमोदन. मी हाक मारणाऱ्यांच्या बाजूची. खानापूर भागातल्या काही सोसायट्यांसाठी मोबाईल ॲप करते, त्यासाठी दुसऱ्यांच्या सर्व्हिस वापराव्या लागतात.

एक नमुना सांगते, नाव कुणाचं घेत नाही. शेतकऱ्याचा खातेनंबर पाठवला. उत्तर आलं: स्टेटस २००, म्हणजे 'सगळं ठीक'. आत मजकूर: 'एरर, समथिंग वेंट राँग'. बाकी काही नाही. खातेनंबर चुकला? टोकन संपलं? त्यांचा डेटाबेस बंद? कळायला मार्ग नाही. माझ्या कोडला वाटतं काम झालं, म्हणून तो हिरवी खूण दाखवतो, आणि शेतकरी बिचारा पैसे जमा झाले समजून घरी जातो.

चूक कशी सांगायची याचा प्रमाण साचा २०१६ पासून आहे, आरएफसी ७८०७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रमाणांचे दस्तऐवज). २०२३ मध्ये त्याच्या जागी आरएफसी ९४५७ आला. टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल, इन्स्टन्स एवढी मोजकी फील्ड. सगळ्यांनी एवढं पाळलं तरी माझा निम्मा ताप कमी होईल.

कुंदाप्रेमी

लग्नपत्रिकेच्या पाकिटातून दहाव्याचं बोलावणं यावं तसं झालं की ओ हे.

मलप्रभा

@कुंदाप्रेमी, अगदी तस्संच! आणि पाकीट बघून आपण आहेर घेऊन निघालेलो असतो.

निपाणीकर

मला थोडं वेगळं म्हणायचंय. कोडमधून वर्णन निघालं की दुखणं म्हणता, मग उरतं 'आधी वर्णन, मग कोड'. मोठ्या कंपनीत ते ठीक आहे. आम्ही तिघं आहोत. गिऱ्हाईक सकाळी एक सांगतं, संध्याकाळी दुसरं. आधी वर्णनाची वायएएमएलमधली लांबलचक फाइल लिहायची, ती मंजूर करून घ्यायची, मग कोड लिहायचा, हे आम्हाला परवडत नाही. आम्ही स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये कंट्रोलर (हाकेला उत्तर देणारा कोड) लिहितो, स्प्रिंगडॉक लावतो, त्यातून ओपनएपीआय या प्रमाण साच्यात सर्व्हिसचं वर्णन आपोआप निघतं. गिऱ्हाईक खूश, आम्ही खूश. उद्यमबागकरांनाही हेच जमेल.

मूळचा_टिळकवाडीचा

@निपाणीकर, तुमची अडचण खरी आहे. पण गिऱ्हाईक सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं बोलतं, तिथेच आधी लिहिलेलं वर्णन कामी येतं. कोड लिहून झाल्यावर मत बदललं तर दोन दिवस वाया. वर्णनावर मत बदललं तर चार ओळी खोडायच्या.

शिवाय वर्णन हातात असलं की प्रिझमसारख्या साधनाने खोटी सर्व्हिस लगेच उभी करता येते, वर्णनातले नमुने तीच उत्तर म्हणून देते. कोल्हापूरवाले त्यांचं काम दुसऱ्या दिवशी सुरू करतात, तुमचा खरा कोड सावकाश येऊ दे. आणि त्याच फाइलमधून ओपनएपीआय जनरेटर जावाचे इंटरफेस (रिकामे सांगाडे) काढून देतो. पोरानं फक्त ते भरायचे. उद्यमबागकर मागतात ते 'फक्त फंक्शन' इथे मिळतं, फक्त निघतं उलट्या दिशेने.

वर्णनाच्या साच्याचं हे काम स्वॅगर म्हणून २०११ मध्ये सुरू झालं, २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली ओपनएपीआय झालं आणि २०१७ मध्ये ३.० आलं. म्हणजे साधनं आता चांगली मुरलेली आहेत.

निपाणीकर

खोट्या सर्व्हिसचा मुद्दा पटला. बाहेरच्यांना द्यायच्या सर्व्हिससाठी करून बघतो. आतल्या आत एकमेकांना लागणाऱ्या सर्व्हिससाठी मात्र आमचीच पद्धत बरी, यावर मी ठाम आहे.

शहापुरी

जीआरपीसी (सर्व्हिसला हाक मारायची आणखी एक पद्धत) का नको? वर्णन आधीच लिहावं लागतं, दोन्हीकडचा कोड आपोआप निघतो. वाद मिटला.

मूळचा_टिळकवाडीचा

आतल्या आत उत्तम. पण ब्राउझरमधून थेट हाक मारता येत नाही, मधे प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) ठेवावा लागतो. आणि फौंड्रीच्या गिऱ्हाइकाकडचा आयटीवाला कर्लची (सर्व्हिसला हाक मारायची कमांड) एक ओळ मागतो, त्याला आपण काय देणार?

घटप्रभेकाठी

तुम्ही सगळे टोकन आणि साच्यांवर बोलूलाय, पण आपल्या भागातली पोरं खरी अडकतात ती नावांवर. थोडं विषयांतर आहे, पण लिहितोच.

आमच्याकडे एकाच यादीत मराठी नावं, कन्नड नावं आणि रोमन लिपीतली नावं असतात. फील्डची मर्यादा कुणीतरी २० बाइट ठेवलेली. रोमनमध्ये 'खानापूर' आठ बाइटांत बसतं. देवनागरीत ती ७ चिन्हं, आणि यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे २१. गावाचं नाव शेवटच्या 'र' पाशी अडकतं. कन्नड लिपीलाही ३ बाइटच लागतात, त्यामुळे तिथेही तोच प्रकार.

पुढचं बघा. नावात आकडे किंवा भलती चिन्हं येऊ नयेत म्हणून पोरं रेगेक्स (मजकूर तपासायचा नियम) लावतात, 'फक्त अक्षरं चालतील'. हेतू चांगला. पण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांचा वर्ग अक्षरांपेक्षा वेगळा आहे. त्यामुळे 'कमल' पास होते आणि 'सुनीता' नापास. चाचणीत कुणी 'कमल' घालून बघितलं असेल तर महिनोन्महिने कळत नाही.

आणि सगळ्यात चिवट म्हणजे आपला आडवा र. 'शेतकऱ्याचे' मधला तो 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं चिन्ह आणि मग हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा नाही. एनएफसी नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं एकसारखं करायची युनिकोडची रीत) लावलं तरी हे दोन एक होत नाहीत, त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. कन्नडच्या जोडून होणाऱ्या स्वरचिन्हांचं मात्र एनएफसीने भागतं.

हे प्रत्येक सर्व्हिसमध्ये प्रत्येक पोराने नव्याने शिकायचं का? आम्ही 'नाव' असा एक टाइपच करून ठेवला. लांबी चिन्हांत मोजायची, मात्रा चालवून घ्यायच्या, आडवा र एकाच तऱ्हेचा करायचा, सगळं त्याच्या पोटात. सर्व्हिस लिहिणारा फक्त 'नाव' म्हणतो आणि पुढे जातो. गावांसाठी नावाच्या जागी केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला कोड ठेवतो. इथे १ नोव्हेंबर २०१४ ला जिल्ह्याचंच नाव सरकारदरबारी बदललं, तेव्हा नावावर जोडलेल्या याद्या कशा विस्कटल्या ते बघितलेली माणसं अजून कामावर आहेत.

मलप्रभा

@घटप्रभेकाठी अण्णा, हा प्रतिसाद आमच्या पूर्ण टीमला वाचायला पाठवला. झेडडब्ल्यूजेचं आज पहिल्यांदा कळलं. एका गावाची शोधयादी अर्धीच का येते, ते आत्ता उमगलं.

कुंदाप्रेमी

विषयांतर असावं तर असं. घटप्रभेकाठींना माझ्याकडून अर्धा किलो कुंदा लागू.

अनगोळचा_वाटसरू

कुंदा पार्सल करताना वेब सर्व्हिसने ऑर्डर टाकू नका, दोनदा येईल. 🙂

कुंदाप्रेमी

दोनदा आला तर तक्रार कोण करतंय!

मलप्रभा

हसण्यावारी नेलंत, पण ऑर्डर दोनदा पडणं ही आमच्याकडची रोजची गोष्ट. खानापूरच्या पुढे जंगलपट्टा लागला की रेंज जाते. ॲपने मागणी पाठवली, सर्व्हरने नोंदवली, उत्तर येता येता रेंज गेली. ॲपला वाटतं पोचलीच नाही, ते पुन्हा पाठवतं. दोन नोंदी.

एचटीटीपीच्या नियमाप्रमाणे गेट (वाचा), पुट (बदला) आणि डिलीट (काढा) पुन्हा पाठवले तरी परिणाम एकदाच व्हायला हवा. नवी नोंद घालणाऱ्या पोस्टला ती हमी नाही. त्यावर उपाय असा: ॲपने प्रत्येक मागणीसोबत स्वतःची एक किल्ली पाठवायची, आयडेम्पोटन्सी की म्हणतात तिला. सर्व्हरने ती किल्ली आणि दिलेलं उत्तर काही काळ जपून ठेवायचं. तीच किल्ली परत आली की नवी नोंद न करता जुनंच उत्तर द्यायचं.

धागाकर्त्यांना सांगायचं ते हे, की ही गोष्ट एकेका पोरावर सोडू नका. दहा सर्व्हिस असतील तर दोघं विसरतील. सामाईक थरात एकदाच लिहून ठेवा.

मास्तर_जीन्समधले

मी इथल्या एका कॉलेजात शिकवतो, म्हणून दोन शब्द.

आम्ही पोरांना सर्व्हिस उभी करायला शिकवतो: नोंद घाला, वाचा, बदला, काढा. परीक्षेला तेवढं पुरतं. एका वर्षी मी उलटं केलं. एका गटाने लिहिलेली सर्व्हिस दुसऱ्या गटाने वापरायची, आणि एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त डॉक्युमेंट वाचायचं. वर्गात असा कल्ला झाला की शेजारच्या लॅबमधले सर बघायला आले. ०४/०५ म्हणजे चार मे की पाच एप्रिल, यावर दोन गट हमरीतुमरीवर आले. त्यानंतर कुणालाही न सांगता सगळ्यांनी वर्ष-महिना-दिवस लिहायला सुरुवात केली.

मूळ प्रश्नाकडे येतो. उद्यमबागकर, तुमच्याकडे नवीन पोरगं आलं की सर्व्हिस त्याच्या मशीनवर चालू व्हायला किती वेळ लागतो? माझे विद्यार्थी नोकरी लागल्यावर भेटायला येतात तेव्हा सांगतात, पहिला आठवडा डेटाबेसचा पासवर्ड मिळवण्यात, योग्य जावा शोधण्यात आणि 'अमुक सरांच्या मशीनवर चालतंय' हे ऐकण्यात गेला. कोड लिहायची वेळ नंतर येते. एका कमांडने डेटाबेससकट सगळं उभं राहावं, आत खोट्या पण खऱ्यासारख्या ऑर्डर असाव्यात, आणि डॉक्युमेंटच्या पहिल्याच पानावर कॉपी करून चालवता येईल अशी कर्लची ओळ असावी. पोरानं पहिल्याच दिवशी जेवायच्या आधी एक उत्तर स्क्रीनवर बघितलं पाहिजे. फ्रेमवर्क कुठलं, ते नंतर बघू.

शहापुरी

मास्तर, हे मात्र शंभर टक्के. फास्टएपीआयवाल्यांनाही लागू. पण एक विचारतो, हा सगळा पसारा आता एआयच लिहून देतं की. पोरांनी तेच का करू नये?

घटप्रभेकाठी

देतं, आणि आम्ही वापरतो. पण तो 'फक्त अक्षरं' वाला रेगेक्स मला तिथूनही मिळालेला आहे. पसारा दहा ठिकाणी लिहून घेतला तर दहा ठिकाणी वाचावा लागतो, आणि त्यातली चूकही दहा ठिकाणी सुधारावी लागते. एकाच जागी ठेवला तर लिहिणारा कोणी का असेना.

उद्यमबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस धाग्याकडे फिरकता आलं नाही, कारण आम्ही ऑफिसात हाच धागा मोठ्या स्क्रीनवर लावून बसलो होतो.

आता काय करतोय ते सांगतो. बाहेरच्या कंपन्यांना द्यायच्या सर्व्हिसचं वर्णन आधी लिहायचं, कोल्हापूरवाल्यांना खोटी सर्व्हिस आधी द्यायची. आतल्या सर्व्हिसला निपाणीकरांची पद्धत. टोकन, लॉग, आयडेम्पोटन्सी की आणि एररचा साचा हे सामाईक थरात. स्प्रिंग फ्रेमवर्क ६ मध्ये प्रॉब्लेमडिटेल नावाचा क्लास आयताच आहे, त्यामुळे मलप्रभा अक्कांचं म्हणणं सगळ्यात आधी लागू झालं. घटप्रभेकाठींचा 'नाव' टाइप आम्हीही करतोय, पॅटर्नमेकरांची नावं आमच्या यादीत तिन्ही लिप्यांत आहेत. मास्तरांची एका कमांडची गोष्ट मात्र अवघड जातेय, जुना डेटाबेस उभा करताना चार ठिकाणी हात लावावा लागतो. त्यावर एका पोराला पूर्ण वेळ बसवलंय.

पोरांनी माझ्या तोंडावर सांगितलं, 'अण्णा, फक्त फंक्शन लिहायचं हे ऐकायला छान, पण आमचं फंक्शन कोण कसं वापरणार ते माहीत नसलं तर आम्ही चुकीचंच लिहिणार.' त्यामुळे आता वर्णन लिहायला कोल्हापूरच्या माणसाशी फोनवर तेच बोलतात, मी मधे पडत नाही.

दोन प्रश्न उरलेत. जुन्या सोपच्या सर्व्हिसचं काय करावं? आणि ठरलेल्या वर्णनात कुणी चुकून तोडफोड केली तर ती पकडायची कशी?

मूळचा_टिळकवाडीचा

सोप चालू राहू द्या. त्या कंपन्यांना बदलायला लावण्यात अर्थ नाही. हिशोबाचं फंक्शन एकच ठेवा, त्यावर सोपचं एक आवरण आणि जेसनचं एक. दोन्हीकडे आकडा एकाच ठिकाणाहून येतो एवढं बघा, नाहीतर रिजेक्ट झालेल्या नगांचे दोन आकडे दोन गिऱ्हाइकांना जातील.

तोडफोडीसाठी बिल्डमध्येच (कोड जोडून तयार करताना) जुनं आणि नवं वर्णन ताडून बघा. ओएएसडिफ नावाचं साधन आहे. फील्ड काढलं, नाव बदललं, किंवा पाठवणाऱ्यावर नवीन फील्डची सक्ती केली, तर बिल्ड तिथेच थांबवायचा. ऐच्छिक फील्ड वाढवलं तर खुशाल जाऊ द्यायचा.

निपाणीकर

हे आजच लावतो. आतल्या सर्व्हिसवर पण.

उद्यमबागकर

@मूळचा_टिळकवाडीचा, मिळालं, चालवून बघतोय. एक बारीक शंका, इथेच विचारतो. टोकनची मुदत संपली तर स्टेटस ४०१ द्यायचा की ४०३? पोरांत दोन तट पडलेत.

मलप्रभा

४०१. टोकन संपलं म्हणजे ओळखच पटली नाही, ॲपने नवीन टोकन घेऊन पुन्हा यावं. ४०३ कधी, तर माणूस ओळखीचा आहे पण ती ऑर्डर दुसऱ्या कंपनीची आहे. माझं ॲप ४०१ आला की गुपचूप नवीन टोकन आणतं, वापरणाऱ्याला कळतही नाही. ४०३ आला तर 'परवानगी नाही' असं दाखवून थांबतं. तुम्ही ४०३ पाठवलात तर तुमच्या गिऱ्हाइकाला उगाच पुन्हा लॉगिन करावं लागेल.

उद्यमबागकर

ठरलं, ४०१. आत्ताच वर्णनात घातलं.